अपांसाठी खरा समुद्र

११ मे २००९, अल्माटी

आज सकाळच्या दोन तासांत एकतीस डॉलर! बँकेत अख्खा दिवस खिडकीमागे बसून एवढे सुटत नव्हते.

कुठेतरी लिहायलाच हवं, कारण तोंडाने कुणाला सांगायची सोय नाही. अपांना वाटतं मी परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचे हिशेब करते. म्हणजे मीच तसं सांगितलंय. "सासूबाई, मी कॉम्प्युटरवर पैसे लावून पत्ते खेळते" – हे कुठल्या तोंडाने सांगू?

शिकवलं वितालीने. विताली त्सोय, बँकेत माझ्या शेजारच्या खिडकीवर असायचा. फेब्रुवारीत आम्हा दोघांना एकाच दिवशी घरी बसवलं. तो म्हणाला, "गौहर, तुला आकडे कळतात आणि तू चिडत नाहीस. पोकरला आणखी काय लागतं?" चिडत नाही म्हणे! नवरा नोवोसिबिर्स्कला नोकरीला गेला आणि तिथेच दुसरीबरोबर राहिला, तेव्हा चिडले नाही. आता पत्त्यांवर काय चिडायचं.

१४ मे

माझी वेळ सकाळी आठ ते दहा. तेव्हा अमेरिकेत रात्र असते. माणसं दमलेली, प्यालेली, झोपायच्या आधी एक शेवटचा डाव म्हणून धाडकन सगळं लावणारी. आणि मी? झोप झालेली, केस विंचरलेले, दुधाचा चहा शेजारी. दहातले आठ डाव पानं बघून सोडून द्यायचे. उरलेल्या दोनात कच खायची नाही. बस्स, एवढीच विद्या आहे.

अपा मधे मधे डोकावतात. पडद्याची पाठ दाराकडे ठेवलीय. "कंपनी कटकट करत नाही ना गं?" "नाही अपा, चांगली माणसं आहेत." खरंच चांगली आहेत. हरतात बिचारी.

२० मे

खालच्या मजल्यावरची तमारा समुद्रकाठच्या अंताल्याहून फोटो घेऊन आली. तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी बसलो होतो. अपांनी फोटो बघितले, मग चष्मा काढून विचारलं, "पाणी किती खारट होतं?"

तमारा हसायला लागली. "कोण चाखून बघतंय, राबिगा अपा! मी तर उन्हात पडून होते."

जिना चढताना अपा माझा हात धरून म्हणाल्या, "समुद्रावर गेली आणि पाणी चाखलं नाही. मग गेली कशाला?"

अडतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला या बाईने. आमच्या स्वयंपाकघरात ओल झाकायला जगाचा नकाशा लावलाय, त्यावर छडीच्या टोकाने झिजलेल्या जागा आहेत. आणि स्वतः गेल्यात कुठवर? ताश्कंदपर्यंत. तेही एकदा, शिक्षकांच्या शिबिराला.

रात्रभर विचार केला. या उन्हाळ्यात अपांना समुद्र दाखवायचा. पत्त्यांच्या पैशातून. दुसरा पैसा आहेच कुठे?

३ जून

सलग पाच दिवस हार. आज राजांची जोडी आली, सगळं लावलं, समोरच्याकडे एक्के. प्रवासासाठी बाजूला ठेवलेल्यातले निम्मे गेले.

वितालीला फोन केला. रडवेली झाले होते. तो म्हणाला, "पानांना तुझं नाव माहीत नाही, गौहर. ती तुझ्यावर रागावलेली नाहीत. उद्या खेळू नकोस, आंघोळ कर, फिरून ये."

डोंगराकडच्या रस्त्याने दोन तास चालत गेले. बरं वाटलं. विताली भेटला नसता तर मी आज बाजारात कुणाच्या तरी गाळ्यावर उभी असते. त्याचे उपकार आहेत, आणि त्याच्या गावीही नाही.

१९ जून

भरून निघालं! वर उरलंही. अक्ताऊची दोन तिकिटं काढली, तीन दिवसांची रेल्वे. थेट कास्पियनच्या काठावर.

अपांपुढे तिकिटं ठेवली. खूश होतील म्हणून मी तोंडाकडे बघत बसले. तर म्हणाल्या, "आणि दौरेन आला, दाराला कुलूप दिसलं, मग?"

तो जाऊन दोन वर्षं झाली. दर रविवारी फोनपाशी बसतात. महिन्यातून एकदा येतो फोन. नातेवाइकांना सांगतात, मुलगा मोठ्या कामावर आहे. ती दुसरी बाई अपांना माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. मला काय मिळणार सांगून?

"किल्ली तमाराकडे ठेवू," मी म्हटलं.

बराच वेळ तिकिटाची घडी करत होत्या. मग: "खालचा बाक आहे ना? मी वर चढणार नाही हं."

२ जुलै

निघालो! डब्यात अपांनी पहिल्या तासात सगळ्यांना ताब्यात घेतलं. समोरच्या बाकावर रेल्वेतला एक फिटर आहे, त्याला विचारलं, "आपण आता कुठल्या नदीच्या खोऱ्यात आहोत?" तो बिचारा उठून उभाच राहिला.

४ जुलै

अराल्स्क स्टेशन. बायका वाळवलेले मासे विकत होत्या. अपा फलाटावर उतरल्या, हात डोळ्यांवर धरून लांब बघत राहिल्या. एके काळी इथवर अराल समुद्राचं पाणी होतं; आता नुसती माती आणि वारा.

"मी शिकवायला लागले तेव्हा हा आकाराने जगात चौथा होता," एवढंच म्हणाल्या. मासे घेतले. गाडी सुटल्यावर कुणालाही नदी विचारली नाही.

६ जुलै, अक्ताऊ

फजिती! पण अशी गोड फजिती की लिहिताना हसू येतंय.

खोली घेतली, सामान टाकलं, अपांना टॅक्सीत घालून थेट किनाऱ्यावर. निळंशार पाणी, दुसरा काठ दिसत नाही. मी हात पसरून म्हटलं, "अपा! समुद्र!"

अपांनी पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. वर्गात मागच्या बाकावर बघतात तसं.

"गौहर, कास्पियन हे सरोवर आहे."

"अपा, नावातच समुद्र आहे..."

"नावात काहीही असू दे. महासागराला जोडलेला आहे का? नाही. मग सरोवर. जगातलं सर्वांत मोठं सरोवर. अडतीस वर्षं मी हेच शिकवलं, आता तू म्हणतेस म्हणून समुद्र म्हणू?"

तीन दिवस रेल्वेत हाडं खिळखिळी करून मी सासूला सरोवर दाखवलं!

संध्याकाळी मात्र बाकावर बसून स्वतःच म्हणाल्या, "पलीकडे बाकू. बाकूहून तिबिलिसी. तिबिलिसीहून बातुमी. बातुमीला काळा समुद्र. तो मात्र समुद्र आहे." नकाशा तोंडपाठ. मग लगेच: "मी आपलं सांगितलं. एवढा खर्च नको."

खर्चाचं मी बघते म्हणावं.

८ जुलै

बंदरात गेले. बाकूची बोट कधी? खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "येते तेव्हा येते, भरते तेव्हा निघते. नाव लिहा, रोज सकाळी विचारा." मालगाडीचे डबे नेणारी बोट आहे, माणसं आपली वरची भर.

खोलीवर इंटरनेट नाही. चौकात इंटरनेट कॅफे आहे, तिथे सकाळी बसते. अपांना सांगितलं, कंपनीला हिशेब पाठवायचेत.

११ जुलै

कळलं अपांना.

बोट आली होती. खिडकीतल्या बाईंनी खोलीवर निरोप धाडला आणि अपा मला शोधत कॅफेत आल्या. मी चार टेबलं उघडून बसलेली. मागे उभ्या कधी राहिल्या कळलंच नाही. हिरवं टेबल, त्यावर राणी आणि गुलाम, बाजूला डॉलरचा ढीग. हिशेब म्हणून काय दाखवणार होते?

"हीच का तुझी कंपनी?"

मी धडपडत उठले. अपा वळल्या आणि चालू लागल्या. त्या गोंधळात माझे डाव तसेच राहिले, बोटही गेली.

१२ जुलै

एक शब्द नाही. चहा ओततात, माझ्याकडे सरकवतात, भिंतीकडे बघतात. यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं.

१३ जुलै

आज सकाळी अपा स्वतः म्हणाल्या, "चल, दाखव."

कॅफेत मला बसवलं, शेजारी खुर्ची ओढून स्वतः बसल्या. "हरतं कोण, ते मला बघायचंय. कुणाच्या तोंडचा घास मी दोन महिने खातेय?"

मी दाखवलं. प्रत्येक खेळाडूचं टोपणनाव आणि खाली गाव. अपांनी चष्मा पुसला. "हॅलिफॅक्स," वाचलं. "कॅनडा. हिवाळ्यात न गोठणारं बंदर. कॉड मासळी." पुढचं – "तूलूझ. फ्रान्स. विमानांचे कारखाने. बर्गन – नॉर्वे, बारा महिने पाऊस. सस्काटून! अगं, हा तर आपल्या कोस्तानायसारखा. गहूच गहू."

अर्धा तास मी एकही डाव खेळले नाही. जगभरातली गावं एका टेबलाभोवती बसलेली, आणि अपा एकेकाची हजेरी घेताहेत!

मग गंभीर झाल्या. "यांच्या घरी माहीत आहे का?"

"कुणाच्या असेल, कुणाच्या नसेल. पण हे टेबल लहान आहे अपा. एवढ्यात कुणाची चूल विझत नाही. मोठ्या टेबलांवर मी जात नाही."

"जाणार नाहीस?"

"नाही."

अटी घातल्या. दिवसाला दोनच तास. ठरल्यापेक्षा जास्त गेलं की उठायचं. जिंकलेल्यातला दहावा भाग गरजवंताला. आणि खोटं बोलायचं नाही – "मला नाही, कुणालाच नाही. खोटं बोलून कमावलेलं अंगी लागत नाही, खेळून कमावलेलं लागतं की नाही ते देव बघेल."

मी त्यांच्या हाताला डोकं टेकलं. किती हलकं वाटतंय!

१५ जुलै

प्लोवचं, म्हणजे मटण घातलेल्या भाताचं जेवण झाल्यावर अपा तळवे उघडून दुवा मागतात, रोजच्यासारखी. आज शेवटी म्हणाल्या, "आणि हॅलिफॅक्सवाल्याचं भलं कर. त्याचा प्लोव चांगला होता. आमीन." सकाळी त्यानेच दिले होते चौदा डॉलर.

१६ जुलै

आज बर्गनवाल्याची कलेजी. उद्याची बोट नक्की म्हणतात.

१९ जुलै, बोटीवर

पाणी, पाणी आणि पाणी. (सरोवराचं.) कालपासून बोटीवर आहोत. दुपारी डेकवर अपांना शाल गुंडाळून बसवलं. शेजारी सेवदा नावाची बाकूची बाई. अक्ताऊला कापड विकून परत चाललीय, मोठ्याने हसणारी. तिची अझेरी, अपांची कझाक, अर्धं अर्धं कळतं, उरलेलं रशियन. तिने विचारलं, "ही मुलगी का, खानुम?"

"सून," अपा म्हणाल्या. "मुलगा दुसऱ्या बाईकडे राहतो. ही माझ्याकडे राहते."

सेवदा चहा आणते म्हणून उठून गेली, शहाणी बाई.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या हिवाळ्यापासून. फोनमागे बाईचा आवाज ऐकला. त्याला भांडी कुठे ठेवलीस विचारत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू निघून गेली असतीस. गेलं पाहिजेच होतंस. पण मला एकटीला..." शाल खांद्यावर ओढून घेतली. "मी स्वार्थी बाई आहे, गौहर."

मला जायला घर कुठे होतं? आईवडील नाहीत. दोन वर्षं मला भाकरी, छप्पर आणि 'कंपनी कटकट करत नाही ना' विचारणारं माणूस मिळालं. मी त्यांचा हात शालीत घेतला.

२१ जुलै, बाकू

सेवदाने हॉटेलात जाऊच दिलं नाही. "पैसे जास्त झालेत का?" एकटी राहते, बाल्कनीतून तेलाच्या विहिरी दिसतात. लहान ग्लासांतून चहा, चेरीचा मुरंबा. ओळख दोन दिवसांची! देव माणसं कुठे कुठे पेरून ठेवतो.

२८ जुलै

लिहायची लाज वाटतेय.

दुपारी अपा झोपल्या होत्या, सेवदा बाजारात. माझी वेळ नव्हती. सकाळी जिंकले होते, अंगात आलं होतं. वाटलं, एकदाच मोठ्या टेबलावर बसले तर बातुमीची सगळी सोय होईल, महिनाभराची. बसले.

समोरची माणसं जागी होती, प्यालेली नव्हती. तासाभरात माझ्या पैशातले तिनातले दोन भाग गेले. शेवटच्या डावात माझ्याकडे तीन राण्या होत्या. समोरच्याने बदामाची पाच पानं जुळवली.

दिलेला शब्द मोडला. पैशापेक्षा ते लागलंय.

२९ जुलै

खोटं बोलायचं नाही असं ठरलंय. सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं.

"सगळे गेले?"

"तिनातला एक भाग उरलाय."

"कुठल्या गावाला?"

"म्युनिक."

"इजार नदीवर आहे," अपा म्हणाल्या. सवयीने. मग कप खाली ठेवला.

"बरं. आज म्युनिकवाल्याला जेवू दे. इतके दिवस आपण त्यांचं खाल्लं." थोड्या वेळाने: "ते यंत्र दोन आठवडे बंद. आता मी कमावते."

"अपा, सत्तरीला आलात!"

"एकोणसत्तर."

३ ऑगस्ट

सेवदाच्या गाळ्यावर अपा मोजे आणि लहान मुलांचे कपडे विकतात! आज मुद्दाम लांबून बघत उभी राहिले. एक बाई पुढे जात होती, अपांनी हाक मारली, "ए पोरी, इकडे ये! पायात काय घातलंयस हे? आणि मुलाच्या गुडघ्याला भोक! आई आहेस ना?" बाई चक्क परत फिरली. तीन जोड मोजे, एक विजार.

सेवदा मला म्हणाली, "चौदा वर्षं गिऱ्हाइकाला गोड बोलतेय मी. ही बाई त्यांना रागावते आणि ती घेतात!" विकलेल्यातला हिस्सा रोज संध्याकाळी अपांच्या हातावर ठेवते. अपा नको म्हणत नाहीत. रुमालात बांधतात आणि ताठ चालतात.

मी त्या सांगतील ती कामं करते. गठ्ठे उचलते, घड्या घालते. कधी एवढी शांत झोप लागली नव्हती.

१२ ऑगस्ट

दोन आठवडे झाले. सकाळी अपांनीच लॅपटॉप आणून पुढे ठेवला. "लहान टेबल." "लहान टेबल," मी म्हटलं. नऊ डॉलर जिंकले, सस्काटूनकडून. अपा म्हणाल्या, यंदा तिकडे गहू चांगला झाला असणार.

१३ ऑगस्ट

तिबिलिसीची गाडी. सेवदा फलाटावर रडली. अपाही. एकमेकींना रागावत रडल्या.

१५ ऑगस्ट, बातुमी

आज. आज!

गोट्यांचा किनारा आहे, वाळू नाही. अपांनी बूट काढले, मोजे काढून बुटात नीट घातले, आणि कपड्यांसकट चालत निघाल्या. मी मागून "अपा, अपा" करतेय. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. लाट आली, हलल्या, पण पडल्या नाहीत. ओंजळ भरली. तोंडाला लावली. डोळे मिटून, चहा चाखावा तशी चव घेतली.

"सतरा," म्हणाल्या.

"काय सतरा?"

"हजारात सतरा भाग मीठ. महासागरात पस्तीस. हा निम्माच खारट, नद्या फार मिळतात म्हणून." मग माझ्याकडे वळल्या. तोंडावर पाणी होतं, समुद्राचं की कसलं कोण जाणे. "बरोबर आहे, गौहर. पुस्तकात लिहिलेलं बरोबर आहे. अडतीस वर्षं मी पोरांना खरंच सांगत होते."

मीही शिरले पाण्यात. कपड्यांसकट. दोघी लहान मुलींसारख्या! किनाऱ्यावरचा मक्याची कणसं विकणारा माणूस टाळ्या वाजवत होता.

विताली, तमारा, खिडकीतल्या बाई, सेवदा. हॅलिफॅक्स, बर्गन, सस्काटून – आणि म्युनिकसुद्धा. सगळ्यांचं भलं होवो. माझं तर झालं.

२२ ऑगस्ट

खोलीवाली नानुली काकू पनीर घातलेली रोटी आणून देते, पैसे घेत नाही. सकाळी दोन तास पत्ते, मग पाणी. अपा रोज पोहायला येणाऱ्या बायकांना काळ्या समुद्राच्या तळाशी जीव का राहत नाहीत ते समजावतात. बायका घाबरून काठाकाठाने पोहतात.

बंदरात उभी होते. समुद्रापलीकडच्या ओदेसाला बोट जाते. पांढरी, मोठी. नुसतीच बघत राहिले. पस्तीस वर्षांची झाले, आणि पहिल्यांदाच वाटलं की एखादी जागा बघावी, ती माझ्यासाठी.

२७ ऑगस्ट

दौरेनचा फोन. माझ्या फोनवर. अल्माटीहून – घरातून!

तमाराकडून किल्ली घेतली म्हणे. "कुठे आहात तुम्ही दोघी? फ्रिज रिकामा आहे." मग आवाज बदलला. तिकडचं संपलं. कायमचा आलाय. "गौहर, चूक झाली. परत ये, सगळं नीट करू."

दोन वर्षं या वाक्याची वाट बघितली होती की नाही, तेच आठवेना. मी फोन अपांकडे दिला.

अपांनी पहिलं विचारलं, "जेवलास का?" मग बराच वेळ ऐकत होत्या. "बरं," म्हणाल्या. "बरं, बाळा." फोन ठेवला आणि जपून, गुडघ्यांवर हात टेकत गोट्यांवर बसल्या. हसत होत्या. दोन वर्षांत असं हसू पाहिलं नव्हतं.

२८ ऑगस्ट

जावं लागणार. अपांना एकटीला कसं पाठवू? औषधाच्या गोळ्या मी मोजून देते. गाड्या बदलायच्या, सीमा ओलांडायच्या. आणि मी गेले की ते घर, तो, त्याचे शर्ट. तो वाईट नाही. पण मला त्याचं तोंड आठवताना प्रयत्न करावा लागतो.

अपा विचारत नाहीत. आज दिवसभर एकट्याच बाहेर होत्या. कुठे गेला होतात विचारलं, तर म्हणाल्या, "भाषा येते की नाही ते बघत होते. येते. रागावून बोललं की सगळ्यांना कळतं."

ठरवलं. उद्या दोन तिकिटं काढते. एवढा उन्हाळा मिळाला, पुष्कळ झालं. कुरकूर करणार नाही.

३० ऑगस्ट

अपांनी परवाच काढून ठेवलं होतं. एकच तिकीट. बाकूला सेवदा उतरवून घेणार, तिथून विमान.

"त्याला मी जन्म दिलाय, मला गेलं पाहिजे. तुला नाही. सून म्हणून तुझं माझ्याकडचं संपलं." मग भर फलाटावर दोन्ही तळवे उघडून दुवा दिली – लेक घरातून निघते तेव्हा आई देते ती. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून मला गोळ्यांच्या वेळा म्हणून दाखवत होत्या. एकही चुकली नाही.

ओदेसाची बोट मंगळवारी आहे.